लाटेकमधून थेट पीडीएफ काढताना ड्रायव्हर अडला तर

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध माझ्याकडे आला होता. विषय कोकणातल्या भूजलाचा, नकाशे आणि आलेख भरपूर. पीडीएफ तयार होत होती, पण तिच्यात एकही चित्र दिसत नव्हतं. चित्राखालची ओळ होती, क्रमांक होता, चित्राएवढी जागाही मोजून सोडलेली होती. फक्त ती जागा कोरी. तिने तीन दिवस चित्रं पुन्हा पुन्हा सेव्ह करण्यात घालवले होते. चित्रांत काहीच चूक नव्हती. फाइलच्या सुरुवातीला, चित्रं बसवणारं ग्राफिक्सएक्स पॅकेज बोलावणाऱ्या ओळीत, चौकटी कंसात एक शब्द होता: डीव्हीआयपीएस. तो काढला, पुन्हा कंपाइल केलं आणि सगळी चित्रं जागेवर आली.

असे तीन दिवस आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. लाटेक, म्हणजे मजकुरात कमांड लिहून पानं जुळवणारी प्रणाली, नुकतीच शिकणाऱ्यासाठी हे आहे, त्यामुळे मुळापासून सुरू करतो. इथे कमांड आणि पॅकेजची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची.

ड्रायव्हर म्हणजे इथे कोण?

प्रिंटरचा ड्रायव्हर नव्हे, ती कल्पना आधी डोक्यातून काढून टाका. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८च्या सुमारास टेक, म्हणजे लाटेकच्या आत चालणारं इंजिन, लिहिलं. त्याचं काम एवढंच: कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे बसेल ते ठरवायचं आणि ते डीव्हीआय नावाच्या फाइलमध्ये लिहायचं. चित्र, रंग, तिरपा फिरवलेला मजकूर, क्लिक करता येणारा दुवा यांतलं टेकला काहीच कळत नाही. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर चित्राची जागा मोकळी सोडायचा, तिथे ब्लॉक बसवायचं काम पुढच्या माणसाचं असायचं. टेक तेच करतं. जागा सोडतं आणि पुढच्यासाठी एक चिठ्ठी ठेवतं. या चिठ्ठीला ‘स्पेशल’ म्हणतात. ती चिठ्ठी वाचून प्रत्यक्ष चित्र बसवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

अडचण अशी की प्रत्येक ड्रायव्हरची चिठ्ठीची भाषा वेगळी. टोमास रोकिकी यांचा डीव्हीआयपीएस पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा जाणतो. पीडीएफटेक पीडीएफ काढताना डीव्हीआयच्या वाटेला जातच नाही, ते स्वतःच पीडीएफ लिहितं, म्हणून त्याला वेगळ्या चिठ्ठ्या लागतात. ग्राफिक्सएक्स, रंगाचं पॅकेज, दुव्यांसाठीचं हायपररेफ, पानाच्या मापांचं जॉमेट्री ही सगळी पॅकेजं सुरुवातीलाच एक अंदाज बांधतात की आपल्या चिठ्ठ्या वाचणारा कोण आहे. हा अंदाज आणि वस्तुस्थिती यांत फरक पडला की जे काही बिघडतं, त्यालाच आपण ड्रायव्हरची अडचण म्हणतो. माझ्या अनुभवात नवशिक्याला चित्रात किंवा फॉन्टमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच चुका या एका फरकातून आलेल्या असतात.

आपण कोणत्या वाटेने जातो आहोत?

पहिली वाट जुनी. साधं लाटेक चालवून डीव्हीआय, डीव्हीआयपीएसने तिचं पोस्टस्क्रिप्ट, मग घोस्टस्क्रिप्टच्या मदतीने पीडीएफ.

दुसरी पीडीएफलाटेकची, म्हणजे पीडीएफटेकवर चालणाऱ्या लाटेकची, थेट. व्हिएतनामी संशोधक हान थे थान यांनी चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो इथल्या मासारिक विद्यापीठात पीडीएफटेक घडवलं. आज ‘लाटेक चालवलं’ असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा हेच अभिप्रेत असतं.

तिसरी झीलाटेकची. जोनाथन क्यू यांनी २००४मध्ये झीटेक आणलं आणि मराठीसारख्या भाषांना युनिकोडमध्ये सरळ टाइप करायची सोय झाली. ही वाट थेट वाटते, पण आतून थेट नाही. झीटेक आधी एक्सडीव्ही नावाची वाढवलेली डीव्हीआय तयार करतं आणि ती एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स या ड्रायव्हरच्या हाती देतं. दोन्ही कामं एकाच दमात होतात, म्हणून मधला टप्पा दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

चौथी लुआलाटेकची, खरोखर थेट. पाचवीही एक वाट आहे, साधं लाटेक आणि डीव्हीआयपीडीएफएमएक्स. जपानी मजकुरासाठी ती अजून सर्रास वापरली जाते. आपल्याकडे तिची गरज क्वचितच.

पायरी पहिली: लॉग फाइल उघडा

पीडीएफशेजारीच, त्याच नावाची, लॉग अशा शेवटाची एक फाइल असते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. घाबरण्यासारखं तिच्यात काही नाही, आपल्याला मोजक्या ओळी पाहायच्या आहेत.

सगळ्यात वरची ओळ सांगते की कोणतं इंजिन चाललं: पीडीएफटेक, झीटेक की लुआलाटेकमागचं लुआएचबीटेक. ही ओळ नेहमी वाचा, कारण एडिटरमधलं बटण दाबणाऱ्याला आपण काय चालवतो आहोत हे ठाऊक असतंच असं नाही. टेकवर्क्समध्ये ते वरच्या यादीत निवडलेलं असतं. ओव्हरलीफमध्ये मेनूतल्या ‘कंपायलर’ या पर्यायात. साधं लाटेक निवडलेलं असेल तर वरच्या ओळीत तरीही पीडीएफटेकच दिसतं, कारण इंजिन तेच, फक्त डीव्हीआय काढायला सांगितलेलं. तेव्हा लॉगच्या शेवटाकडची एक ओळ बघा. ‘आउटपुट रिटन ऑन’ याच्या पुढे पीडीएफ फाइलचं नाव आहे की डीव्हीआयचं, यावरून निकाल लागतो.

आता ‘ड्रायव्हर’ हा शब्द शोधा. ग्राफिक्स पॅकेज आपली ड्रायव्हर फाइल कोणती ते लिहून ठेवतं: पीडीएफटेक डॉट डेफ, झीटेक डॉट डेफ, डीव्हीआयपीएस डॉट डेफ असं काहीतरी. हायपररेफही आपला ड्रायव्हर नोंदवतं आणि तो स्वतः ओळखला असेल तर शेजारी ‘ऑटोडिटेक्टेड’ असं लिहितं. इंजिन आणि ही नावं जुळली पाहिजेत. वर पीडीएफटेक आणि खाली डीव्हीआयपीएस डॉट डेफ दिसलं तर रोग सापडला.

त्या प्रबंधाच्या लॉगमध्ये आणखी एक खूण होती, प्रत्येक चित्रापाशी एकेकदा आलेली: ‘नॉन-पीडीएफ स्पेशल इग्नोर्ड’. चिठ्ठी मिळाली, पण वाचता आली नाही म्हणून बाजूला टाकली, असा त्याचा अर्थ. ही नुसती सूचना असते, चूक नव्हे. कंपाइल थांबत नाही, लाल रंग दिसत नाही आणि पीडीएफ हाती येते. म्हणूनच तीन दिवस गेले. याच कारणाने रंगीत मजकूर काळाच छापला जातो आणि फिरवलेला मजकूर आडवाच राहतो.

पायरी दुसरी: ड्रायव्हरचं नाव लिहूच नका

इथे माझं मत ठाम आहे. आजची पॅकेजं इंजिन स्वतः ओळखतात. तुम्ही नाव लिहून दिलंत की ती तुमचं ऐकतात, मग ते चुकीचं असलं तरी. म्हणून ग्राफिक्सएक्स, कलर, एक्सकलर, हायपररेफ, जॉमेट्री या सगळ्यांच्या चौकटी कंसांतून डीव्हीआयपीएस, पीडीएफटेक, डीव्हीआयपीडीएफएम असे शब्द काढून टाका. बाकीचे पर्याय तसेच राहू द्या.

मग फाइलच्या वरची, दस्तऐवजाचा प्रकार ठरवणारी डॉक्युमेंटक्लासची ओळ बघा. तिथे लिहिलेला पर्याय सगळ्या पॅकेजांपर्यंत पोचतो, त्यामुळे एक शब्द पाच ठिकाणी बिघाड करू शकतो. त्यानंतर ‘पासऑप्शन्सटूपॅकेज’ ही कमांड शोधा, ती पर्याय मागच्या दाराने आत सोडते.

अपवाद एकच. साधं लाटेक चालवून पुढे डीव्हीआयपीडीएफएमएक्स वापरणार असाल तर ते लाटेकला आपोआप कळायला मार्ग नाही; डीव्हीआय काढताना पुढे डीव्हीआयपीएसच येणार असं ते धरून चालतं. तेव्हा नाव द्यावंच लागतं, आणि ते डॉक्युमेंटक्लासमध्ये एकदाच द्यावं.

काही वेळा चूक मोठ्याने सांगितली जाते. ‘पीडीएफ मोड एक्स्पेक्टेड, बट डीव्हीआय मोड डिटेक्टेड’ असं आलं तर पॅकेजला पीडीएफटेक सांगितलंय आणि तुम्ही साधं लाटेक चालवलंय. हायपररेफ ‘राँग डीव्हीआय मोड ड्रायव्हर ऑप्शन’ म्हणतं तेव्हा उलटं झालेलं असतं. दोन्हींवर इलाज तोच: शब्द काढा, इंजिन ठरवा.

पायरी तिसरी: जुन्या फाइली झाडून टाका

पर्याय बदलले किंवा इंजिन बदललं की ऑक्स, आउट, टीओसी अशा शेवटांच्या मदतनीस फाइली काढून टाका. आधीच्या इंजिनाने लिहिलेलं नवं इंजिन वाचतं आणि अर्थ न लागणाऱ्या चुका देतं. कंपाइलच्या पायऱ्या आपोआप चालवणारं लाटेकएमके वापरत असाल तर उणे चिन्हापुढे मोठा सी लिहिला की तयार झालेल्या सगळ्या फाइली साफ होतात, पीडीएफसुद्धा. मूळ टेक फाइल आणि चित्रं यांना धक्का लागत नाही. नंतर दोनदा कंपाइल करा.

पायरी चौथी: चित्राचा प्रकार तपासा

डीव्हीआयपीएसच्या वाटेवर ईपीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्टमधलं चित्र, हेच चालतं. पीएनजी किंवा जेपीईजी दिलं तर ‘कॅनॉट डिटर्माइन साइज ऑफ ग्राफिक’ अशी चूक येते आणि पुढे कंसात बाउंडिंगबॉक्स (चित्राच्या मापाची चौकट) नाही असं लिहिलेलं असतं. चित्र बिघडलेलं नाही. त्या वाटेला त्याचं माप काढता येत नाही, एवढंच. हीच चूक तुम्ही पीडीएफलाटेक चालवत असतानाही आली, तर कुठेतरी डीव्हीआयपीएस हा शब्द दडून बसला आहे असं खुशाल समजा.

पीडीएफलाटेकला आणि लुआलाटेकला पीडीएफ, पीएनजी, जेपीईजी चालतात. ईपीएस मुळात चालत नाही, पण टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाच्या २०१०च्या आवृत्तीपासून पीडीएफलाटेक ते आपोआप पीडीएफमध्ये बदलून घेतं. फोल्डरमध्ये ‘ईपीएस-कन्व्हर्टेड-टू’ असं लांबलचक नाव दिसलं तर ती हीच फाइल. तिच्यावर फार विसंबू नका. मूळ चित्र बदललं आणि पानावर जुनंच दिसत राहिलं, तर आधी ती फाइल काढून बघा. आलेख मुळातूनच पीडीएफमध्ये काढले तर हा व्याप राहत नाही.

एसव्हीजी कुणालाच सरळ चालत नाही, इंकस्केपमधून ते पीडीएफ करून घ्या. वेबवरून उतरवलेली बरीच चित्रं वेबपी असतात, काही फोनमधले फोटो एचईआयसी असतात. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने आतला प्रकार बदलत नाही. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्याने जेपीईजी म्हणून साठवावं लागतं.

‘फाउंड पीडीएफ व्हर्शन’ अशी सूचना आली तर ती चित्राच्या पीडीएफबद्दल आहे. चित्र १.७ आवृत्तीचं आणि तुमचं दस्तऐवज १.५ पर्यंतच परवानगी देणारं. चित्र बहुधा दिसतंच. पीडीएफलाटेकमध्ये फाइलच्या सुरुवातीलाच पीडीएफमायनरव्हर्शन ७ करून टाका.

पायरी पाचवी: मराठी आली की इंजिन बदलतं

त्या विद्यार्थिनीची गोष्ट चित्रांवर संपली नाही. प्रबंध इंग्रजीत, पण सुरुवातीला मराठी सारांश हवा होता. तिने तो युनिकोडमध्ये टाइप केला आणि पीडीएफलाटेकने पहिल्याच अक्षरावर सांगितलं की हे युनिकोड अक्षर लाटेकसाठी सिद्ध केलेलं नाही. ते खरंच आहे. पीडीएफलाटेकला देवनागरीची जोडाक्षरं घडवता येत नाहीत. फ्रान्स व्हेल्थुइस यांनी १९९१च्या सुमारास केलेली रोमनमधून देवनागरी उमटवण्याची पद्धत अजून चालते, पण तिच्यात मजकूर रोमन लिपीत लिहावा लागतो. आज सरळ मार्ग झीलाटेक किंवा लुआलाटेक.

ती झीलाटेककडे वळली आणि पुन्हा ड्रायव्हर आडवा आला. मराठीत लिहिणाऱ्या पुष्कळ जणांची गाडी इथे अडते, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रबंधासाठी मिळालेल्या साच्याच्या क्लास फाइलमध्ये एक जुनी तपासणी होती: पीडीएफ मोड चालू असेल तर पीडीएफटेक ड्रायव्हर, नसेल तर डीव्हीआयपीएस. ती लिहिली तेव्हा दोनच शक्यता होत्या, तेव्हा ती बरोबर होती. पण झीटेकमध्ये पीडीएफआउटपुट नावाची ती जुनी खूण नसते. तपासणीचं उत्तर ‘नाही’ येतं आणि झीटेक चालू असताना पॅकेजांना डीव्हीआयपीएस दिला जातो.

त्यातून जे होतं ते फसवं असतं. झीटेकमागचा एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स डीव्हीआयपीएसच्या काही चिठ्ठ्या वाचू शकतो. त्यामुळे रंग उमटतात, ईपीएस चित्रंही घोस्टस्क्रिप्टच्या मदतीने बऱ्याचदा दिसतात. मात्र पीएनजीवर बाउंडिंगबॉक्सची चूक येते आणि हायपररेफ तक्रार करतं. निम्मं चालतं म्हणून माणूस उरलेल्या निम्म्यात चूक शोधत बसतो.

उपाय: क्लास फाइलची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये घ्या, तिच्यात ‘इफपीडीएफ’ किंवा ‘पीडीएफआउटपुट’ शोधा आणि ड्रायव्हर निवडणारा तो सगळा तुकडा काढून टाका. इंजिन पाहून खरंच काही वेगळं करायचं असेल, उदाहरणार्थ वेगळे फॉन्ट, तर इफटेक हे पॅकेज वापरा; ते पीडीएफटेक, झीटेक आणि लुआटेक तिघांना वेगवेगळं ओळखतं. त्यातच ‘रिक्वायरझीटेक’ अशी कमांड आहे. ती वर लिहून ठेवली की मार्गदर्शकांनी चुकून पीडीएफलाटेक चालवलं तरी पहिल्याच ओळीत स्पष्ट कारण सांगून काम थांबतं.

लुआलाटेकला याच जातीचा वेगळा त्रास आहे. २०१६मध्ये त्यातल्या पीडीएफसंबंधी बऱ्याच जुन्या कमांडची नावं बदलली. जुनं पॅकेज त्या नावाने हाक मारतं आणि ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ येतं. आधी पॅकेज अद्ययावत करा. तेवढ्याने भागलं नाही तर लुआटेक८५ हे पॅकेज डॉक्युमेंटक्लासच्याही आधी बोलवा.

मराठी अक्षरांबाबत दोन गोष्टी. फॉन्टस्पेक या पॅकेजमध्ये फॉन्ट निवडताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी असं सांगा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि रफार भलतीकडे जातो. लुआलाटेकमध्ये त्याशिवाय ‘रेंडरर’ (अक्षरं जुळवणारा भाग) हार्फबझ मागा. भाषा मराठी दिली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात, मला तरी त्यांच्याशिवाय पान परकं वाटतं. दुसरं, गुगल फॉन्ट्सवरून उतरवलेला फॉन्ट व्हेरिएबल, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असलेला, असेल तर झीटेकच्या ड्रायव्हरचं त्याच्याशी नीट जमत नाही. त्याच झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असलं तर त्यातल्या फाइली वापरा.

पायरी सहावी: ‘ड्रायव्हर रिटर्न कोड’

झीलाटेकची ही चूक एकदा तरी सगळ्यांना भेटते: एरर, पुढे २५६ सारखा आकडा, कंसात ‘ड्रायव्हर रिटर्न कोड’ आणि पीडीएफ कदाचित वैध नसेल असा इशारा. टेकचं काम पूर्ण झालं, मागचा एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स पडला, असा त्याचा अर्थ.

विंडोजवर आधी बघा की तीच पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडी आहे का. अ‍ॅक्रोबॅट रीडर फाइल अडवून धरतो आणि ड्रायव्हरला तिच्यावर लिहिता येत नाही. बंद करा, पुन्हा चालवा. सुमात्रापीडीएफसारखा फाइल न अडवणारा वाचक ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही.

तरीही गेलं नाही तर ते दोन टप्पे वेगळे करा. टर्मिनलमध्ये झीलाटेकला ‘नो-पीडीएफ’ हा पर्याय देऊन चालवा, म्हणजे फक्त एक्सडीव्ही फाइल मिळेल. मग एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स त्या फाइलवर स्वतः चालवा, उणे चिन्हापुढे दोन व्ही लिहून. तो काय काय उघडतो आहे ते बोलत जातो. जिथे बोलणं थांबतं, त्याच्या आधीचं नाव हा गुन्हेगार: अर्धवट उतरलेला फोटो, मोडकी पीडीएफ किंवा न जमणारा फॉन्ट. ही युक्ती कळल्यापासून मी या चुकीवर अंदाजाने काही करत नाही.

जे थेट जमणारच नाही ते

पीएसट्रिक्स या पॅकेजने काढलेली चित्रं म्हणजे शुद्ध पोस्टस्क्रिप्ट. पीडीएफलाटेकमध्ये ती थेट चालत नाहीत. झीलाटेकमध्ये बरीचशी चालतात. ईपीएस चित्रातला मजकूर बदलणारं पीएसफ्रॅग तर डीव्हीआयपीएसशिवाय नाहीच. जुन्या लेखात अशी दहा-वीस चित्रं असतील तर ती एकदाच जुन्या वाटेने वेगळी काढून, एकेक पीडीएफ करून, नव्या दस्तऐवजात चित्र म्हणून बसवा. नवीन चित्रं टिकझेड या चित्रं काढण्याच्या पॅकेजमध्ये काढा; टिल टांटाउ यांनी ते रचतानाच प्रत्येक ड्रायव्हरसाठी वेगळी फाइल ठेवली आहे आणि नेहमीच्या वाटांवर योग्य ती आपोआप निवडली जाते.

छपाईला देण्याआधी

पीडीएफ डोळ्यांना नीट दिसली तरी टर्मिनलमध्ये पीडीएफइन्फो चालवून पाहा. ‘प्रोड्यूसर’ या ओळीत पीडीएफ कुणी लिहिली ते असतं. पानाचं माप ए-४साठी साधारण ५९५ गुणिले ८४२ पॉइंट असलं पाहिजे. ६१२ गुणिले ७९२ दिसलं तर तो अमेरिकन लेटर कागद आहे, कारण लाटेकचे मूळ क्लास तोच गृहीत धरतात. डॉक्युमेंटक्लासमध्ये ए४पेपर लिहा आणि जॉमेट्री बोलवा. ते माप ड्रायव्हरपर्यंत पोचवायचं काम तेच करतं. समास बरोबर आणि कागद चुकीचा असेल तर जॉमेट्रीला कुणी जुना ड्रायव्हर सांगितला आहे का ते बघा.

पीडीएफफॉन्ट्स ही कमांड फॉन्टची यादी देते. ‘ईएमबी’ या रकान्यात सगळीकडे ‘येस’ हवं. ‘नो’ असलेला फॉन्ट छापखान्यातल्या संगणकावर नसला तर तिथे दुसरंच काहीतरी छापलं जाईल. त्या प्रबंधात एका जुन्या नकाशाच्या पीडीएफमध्ये असा एक फॉन्ट निघाला. नकाशा मूळ सॉफ्टवेअरमधून फॉन्ट अंतर्भूत करून पुन्हा काढला, झीलाटेक दोनदा चालवलं, आणि फाइल छापायला गेली.